मुंबईची प्रयोगशाळा, राजूरची मुलं

सीताफळ, रामफळ, हिरवा चाफा आणि शाळेच्या कुंपणालगत सरळसोट वाढणारा खोटा अशोक ही सगळी एकाच कुळातली मंडळी. १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एका विद्यार्थिनीनं या सीताफळ कुळाच्या गुणसूत्रांचा अभ्यास करून एम. एस्सी. मिळवली. सहाच वर्षांत ती मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. झाली. विषय बदलला होता, आता समोर कर्करोग होता. मग अमेरिकेतल्या बाल्टिमोरला जाऊन ती काचेच्या नळीत पेशी वाढवायला शिकली आणि परत येऊन तिनं मुंबईत तशी प्रयोगशाळा उभी केली. निवृत्तीनंतर, जेव्हा लोक पेन्शनची कागदपत्रं नीट लावून ठेवतात, तेव्हा ती नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करत होती.

या डॉ. कमल रणदिवे. कर्करोग संशोधक म्हणून त्यांची ओळख आहे आणि ती रास्तच आहे. पण निरोगी म्हातारपण हा विषय निघाला की मला पहिल्यांदा त्याच आठवतात. म्हातारपण पेशीत घडतं आणि त्याची तयारी लहानपणीच्या ताटात होते. या दोन्ही टोकांना हात घालणारी माणसं फार थोडी. कमलताई त्यांतल्या एक. त्यांच्या निमित्तानं पेशी, उंदीर, नाचणी, मनगट आणि आपला नगर जिल्हा यांच्या या काही गोष्टी.

वडलांचं एक ऐकलं, एक नाही

जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. म्हणजे पु. ल. देशपांडे यांच्याहून बरोबर दोन वर्षांनी मोठ्या, वाढदिवस एकच. माहेरचं आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचे. कमल शिकली हुजूरपागेत आणि मग फर्ग्युसनमध्येच. वडलांची इच्छा अशी की मुलीनं डॉक्टर व्हावं आणि लग्नही डॉक्टरशीच करावं. मुलीनं दोन्ही केलं नाही. वनस्पतीशास्त्र आणि प्राणीशास्त्र घेऊन ती प्रथम दर्जात पदवीधर झाली आणि १३ मे १९३९ रोजी जयसिंग त्रिंबक रणदिवे या गणितज्ञाशी विवाहबद्ध झाली. वडलांचं जे ऐकलं ते मात्र मोठं होतं. पेशींच्या आनुवंशिकीत वडलांनाही रस होता, आणि मुलीनं एम. एस्सी.साठी नेमका तोच विषय उचलला. त्या अभ्यासात यजमानांची मदत फार झाली. १९४० च्या आसपासचं हे घर डोळ्यांसमोर आणा: बायको सूक्ष्मदर्शकावर आणि गणिती नवरा तिच्या पाठीशी. तेव्हा ही गोष्ट साधी नव्हती.

गुरूंची नजर धोतरावर

लग्नानंतर कमलताई मुंबईला आल्या आणि टाटा मेमोरियल रुग्णालयात कामाला लागल्या. हे रुग्णालय सुरू झालं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. आज आपण २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो तो रामन परिणामाच्या शोधासाठी, पण देशातल्या कर्करोग उपचारांच्या इतिहासातही ही तारीख मोलाची आहे.

तिथं त्यांना गुरू भेटले डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक असं त्यांना म्हटलं जातं. खानोलकरांची खासियत अशी की रोग पाहताना ते माणसाचं राहणं, खाणं, नेसणं सगळं पाहायचे. धोतराची गाठ वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी घट्ट घासत राहिली, तर तिथं कर्करोग होऊ शकतो, हे १९४५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी जगासमोर मांडलं. वैद्यकाच्या पुस्तकांत 'धोती कॅन्सर' म्हणून त्याची नोंद आहे. दवाखान्यात आलेल्या माणसाच्या मागे त्याचं गाव, जात, चालीरीती, रोजचं ताट उभं असतं, हा धडा कमलताईंना इथं मिळाला. त्या पुढं राजूरला का गेल्या याचं उत्तर मला तरी या धोतराच्या गाठीत दिसतं.

चार कुळींचे उंदीर

१९४७. देश स्वतंत्र होत होता आणि खानोलकर व कमलताई यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध होत होता. उंदरांच्या चार कुळी घेतल्या. काहींत स्तनाचा कर्करोग जास्त, काहींत कमी. मग रोग होण्याआधीच, निरोगी असतानाच, या चौघींच्या स्तनग्रंथींच्या रचनेत काही फरक दिसतो का, हे त्यांनी तपासलं. प्रश्न किती नेमका आहे पाहा. गाठ झाल्यावर सगळेच पाहतात. गाठ होण्याआधीच्या शरीरात काय वेगळं असतं, हे पाहायला वेगळी नजर लागते. निरोगी वार्धक्याचं आजचं सगळं संशोधन याच प्रश्नाभोवती फिरतं: आजार येण्यापूर्वी कुठं, काय बदलतं?

१९४९ मध्ये पीएच. डी. झाली. पुढं आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू या तिघांचा कर्करोगाशी असलेला संबंध हा त्यांच्या कामाचा गाभा राहिला. कर्करोग आणि लेप्रसी या विषयांवर त्यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध आहेत.

रहाटासारखं फिरणारं यंत्र

पीएच. डी. झाल्यावर खानोलकरांनी विद्यार्थिनीला जवळ अडकवून ठेवलं नाही. तिला म्हणाले, परदेशी शिष्यवृत्ती मिळव. कमलताई बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या. तिथं जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या ऊतीसंवर्धन शिकल्या. शरीरातून काढलेला जिवंत तुकडा शरीराबाहेर जगवायचा आणि वाढवायचा, ही ती विद्या.

ऐकायला सोपी आहे, करायला नाही. गाय यांच्या प्रयोगशाळेत कोंबडीचं रक्त काढून त्यातला द्रव वेगळा केला जायचा, नाळेतलं रक्त प्रसूतिगृहातून आणलं जायचं, आणि या सगळ्यातून पेशींचं जेवण तयार व्हायचं. काचेची भांडी इतकी स्वच्छ लागायची की साबणाचा अंशही पेशी मारून टाकायचा. गाय यांच्या पत्नी मार्गारेट शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिका होत्या. निर्जंतुकीकरणाची सगळी शिस्त त्यांनी प्रयोगशाळेत आणली. आणि सगळ्यात गमतीचं होतं गाय यांचं फिरतं यंत्र. एक मोठं चाक, त्याला भोकं, प्रत्येक भोकात आडवी काचेची नळी. चाक रहाटासारखं सावकाश फिरत राहायचं. त्यामुळं पेशी घटकाभर द्रवात बुडायच्या, घटकाभर हवेत यायच्या. शरीरात रक्त जसं सतत हलतं तसं काहीतरी काचेत घडवायचं होतं, ते या चाकानं साधलं.

याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये एक नमुना आला. हेन्रिएटा लॅक्स या ३० वर्षांच्या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतला. त्या पेशी वाढतच राहिल्या. दर चोवीस तासांच्या आसपास दुप्पट. त्यांना नाव पडलं हेला. लॅक्स त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वारल्या. त्यांना किंवा घरच्यांना न विचारता घेतलेल्या त्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. पोलिओच्या लशीच्या चाचणीपासून किती कामं त्यांच्यावर झाली याची गणती नाही. हेला पेशी वापरणाऱ्या प्रत्येकानं त्या बाईचं नाव घ्यावं, असं मला वाटतं.

पेशीला म्हातारपण येतं का?

आता खरी मजा. १९१२ मध्ये अलेक्सिस कॅरेल या नोबेलविजेत्या शल्यचिकित्सकानं कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाचा तुकडा काचेत ठेवला आणि तो तब्बल १९४६ पर्यंत वाढवत ठेवला गेला. लोकांनी निष्कर्ष काढला: पेशी अमर असते, म्हातारं होतं ते शरीर. जवळजवळ पन्नास वर्षं शास्त्रज्ञांनी हे मान्य केलं होतं.

१९६१ मध्ये फिलाडेल्फियातल्या विस्टार संस्थेत लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी माणसाच्या निरोगी पेशी वाढवल्या. त्या साधारण चाळीस ते साठ वेळा दुभागल्या आणि थांबल्या. मेल्या नाहीत, पण दुभागणं बंद. पुन्हा पुन्हा केलं, तेच. मग कॅरेलची कोंबडी इतकी वर्षं कशी टिकली? बहुधा पेशींना दिल्या जाणाऱ्या गर्भाच्या रसातून नकळत ताज्या पेशी मिसळत राहिल्या असाव्यात. हेफ्लिक यांचं म्हणणं सुरुवातीला फारसं कुणी मानलं नाही. आज त्या मर्यादेला त्यांचंच नाव आहे. आणि पेशीच्या आयुष्याची हद्द सांगणारे हे गृहस्थ स्वतः ९६ वर्षं जगले, २०२४ मध्ये गेले.

मग हेला पेशी का थांबत नाहीत? गुणसूत्राच्या टोकाला टेलोमिअर नावाचा भाग असतो. पेशी दुभागली की तो थोडा आखूड होतो. फार आखूड झाला की पेशी थांबते. कर्करोगाच्या बहुतेक पेशी टेलोमरेज नावाचं विकर चालू करतात आणि ते टोक पुन्हा लांब होतं. म्हणजे ज्या पेशीला म्हातारपण येत नाही ती माणसाला मारते, आणि जी वेळेवर थांबते ती त्याला वाचवते. म्हातारपण आणि कर्करोग या एकाच दोरीच्या दोन बाजू आहेत. वय वाढतं तसा कर्करोगाचा धोका वाढतो तो का, हे समजायलाही इथूनच सुरुवात करावी लागते. कमलताईंनी आयुष्यभर ज्या नळ्यांत पेशी वाढवल्या, तशाच नळ्यांतून वार्धक्याचं शास्त्र जन्माला आलं.

टेलोमरेजचा पहिला ठोस पुरावा कॅरल ग्रायडर या विद्यार्थिनीला कधी दिसला माहीत आहे? १९८४ च्या नाताळच्या दिवशी. सुटी होती, ती प्रयोगशाळेत होती. तिच्या मार्गदर्शक होत्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न. २००९ मध्ये या गुरू आणि शिष्या, सोबत जॅक शोस्टाक, तिघांना नोबेल मिळालं. गुरू-शिष्य परंपरेचा इतका गोड हिशेब विज्ञानात क्वचित जुळतो.

मुंबईत परत

परदेशात राहायची संधी सोडून कमलताई भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात परतल्या. हे केंद्र खानोलकरांनी उभं केलं होतं. तिथं कमलताईंनी ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातली अशी ती पहिलीच. पेशींना लागणारं द्रव, क्षार, रसायनं परदेशातून यायची, उशिरा यायची, महाग पडायची. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही माध्यमं इथंच तयार करायला सुरुवात केली. पेशीजीवशास्त्र, प्रतिकारशक्तीशास्त्र, कर्करोगाची कारणं शोधणारं शास्त्र असे नवे विभाग सुरू केले. १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या संचालकपदाची धुरा त्यांच्याकडे होती.

यातच एक वेगळीच वाट फुटली. लेप्रसीचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही, ही डॉक्टरांची जुनी अडचण. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी लेप्रसीच्या रुग्णातून मिळवलेला एक जंतू काचेत वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. संस्थेच्या नावावरून त्याला आयसीआरसी जंतू म्हणतात. त्याच्यापासून पुढं लेप्रसीची लस तयार झाली. १९६४ मध्ये मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार कमलताईंना मिळाला: सुवर्णपदक आणि रोख १५ हजार रुपये. त्या काळात ही रक्कम मोठीच. १९८२ मध्ये पद्मभूषण.

बारा जणी

१९७३ मध्ये कमलताई आणि त्यांच्या अकरा सहकारी एकत्र आल्या आणि भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन झाली. या बारा जणींनी मुलींच्या अडचणी अगदी नेमक्या हेरल्या. मुलगी शिकून मुंबईत नोकरीला येते, पण राहायचं कुठं? मूल झालं की त्याला कुणाकडं ठेवायचं? प्रयोग रात्री आठला संपला तर? म्हणून या संघटनेच्या वाशीतल्या मुख्यालयात नोकरदार महिलांसाठी वसतिगृह आहे आणि पाळणाघर आहे. शास्त्रज्ञांच्या संघटनेनं पाळणाघर चालवावं, ही मला भाषणांपेक्षा मोठी गोष्ट वाटते. मार्गदर्शन म्हणजे निबंध तपासून देणं एवढंच नव्हे. शिष्येचं बाळ सांभाळायची सोय करणं हेही मार्गदर्शनच. आज देशभर या संघटनेच्या अकरा शाखा आहेत.

मग राजूर

नगर जिल्ह्याचा नकाशा घेतला तर पश्चिमेच्या टोकाला अकोले. इथं कळसूबाई आहे, १,६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. रतनगडावर प्रवरा उगम पावते, भंडारदऱ्याला अडते. ते धरण १९२६ चं. पाऊस इतका की घाटघर-रतनवाडीच्या बाजूला पावसाळ्यात चार दिवस सूर्य दिसला तर लोक त्याचं कौतुक करतात. पण प्रवरेचं पाणी खाली उतरून श्रीरामपूर-राहुरीच्या उसाला जातं, आणि वरच्या डोंगरातल्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांवर भाताचा एक हंगाम, थोडी नाचणी, थोडी वरई आणि मग मजुरीसाठी नारायणगाव-जुन्नरकडं उतरायचं. राजूर हे या भागाचं मोठं बाजाराचं गाव. तिथल्या सत्यनिकेतन या आदिवासींसाठी काम करणाऱ्या संस्थेबरोबर कमलताईंनी निवृत्तीनंतर काम केलं. आदिवासी मुलांच्या पोषणाची सविस्तर माहिती गोळा केली. महिला शास्त्रज्ञ संघटनेच्या वतीनं, सरकारी प्रकल्पांतून, इथल्या बायकांपर्यंत वैद्यकीय मदत पोचवली. याआधी मुंबईत असतानाही आदिवासींच्या रक्ताचा, त्यांच्या तान्ह्या मुलांचा अभ्यास त्यांनी हाती घेतला होताच.

पद्मभूषण मिळालेली, जॉन्स हॉपकिन्सहून आलेली बाई या डोंगरात का येते? कारण पेशीला काय हवं असतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आयुष्यभर नळीतल्या पेशींसाठी जेवण तयार केलेलं. एक क्षार कमी पडला की पेशी सुकते, हे त्यांनी हजारदा पाहिलेलं. ताटात तो क्षार नसलेलं मूल त्यांना स्वस्थ बसू देईना, यात नवल नाही.

आणि इथंच म्हातारपण येतं. हाडांचा साठा वयाच्या तिशीपर्यंत भरतो, पुढं खर्चच होत जातो. ज्या मुलीची तिशीपर्यंतची शिल्लक कमी, तिचा खुबा सत्तरीत मोडतो. दंडाचं, मांडीचं स्नायूबळही तसंच. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गाईच्या दुधाच्या साधारण तिप्पट. अकोल्याच्या डोंगरात म्हाताऱ्या डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन चढ चढतात, ते पाहून शहरातले लोक तोंडात बोट घालतात. त्यांनी लहानपणी खाल्लेली नाचणी आज गावातल्या लेकरांच्या ताटातून कमी होत चालली आहे, ती कमी होऊ देता कामा नये.

पुण्यातही असाच एक धागा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. इथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण नुसती लहान नव्हती: हातापायांचा मांसलपणा कमी, चरबी मात्र टिकून. 'बारीक पण चरबीवालं बाळ' ही आज जगभर माहीत असलेली कल्पना त्यातून आली. चाळिशीतला मधुमेह आईच्या पोटातच पाया घालून येतो, हे आता डॉक्टर गांभीर्यानं मानतात. राजूरच्या मुलांचं पोषण आणि त्यांचं साठीनंतरचं आरोग्य यांना वेगळं काढता येत नाही, ते यामुळंच.

बाल्टिमोरहून दुसरी वाट

नगर जिल्ह्याचं आणि जॉन्स हॉपकिन्सचं नातं इथंच संपत नाही. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पावसाचं नावच न घेणाऱ्या जामखेडला, १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे आले. तेही जॉन्स हॉपकिन्समधूनच सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. रजनीकांत याच जिल्ह्यातल्या सुप्याचे. त्यांनी गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. त्या बायका नियमितपणे जामखेडला यायच्या, एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या, शिकायच्या आणि गावी जाऊन शिकवायच्या. प्रसूती करायच्या, बाळाला अतिसार झाला तर मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं ते दाखवायच्या. तिथल्या गावांत १९७१ मध्ये हजार जन्मांमागं १७६ अर्भकं दगावत होती. १९९० च्या दशकात हा आकडा ३० च्या खाली आला. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरचे डॉक्टर आजही जामखेडला शिकायला येतात. कमलताईंनी शास्त्रज्ञ मुली घडवल्या, आरोळ्यांनी शेतमजूर बाया घडवल्या. मला या दोन कामांत उच्चनीच दिसत नाही.

मूठ आवळून बघा

लहानपणी साठवलेलं बळ म्हातारपणी किती उरलं, हे पाहायचा एक प्रयोग घरच्या घरी करण्यासारखा आहे. आजोबांना म्हणा, माझा हात घट्ट दाबा. २०१५ मध्ये १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या अभ्यासातून दिसलं की पकडीची ताकद जितकी कमी, तितका लवकर मृत्यूचा धोका जास्त. रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षाही हा अंदाज चांगला ठरला. त्यात भारतातले लोकही होते. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशी ओलांडलेल्या लोकांची आणि त्यांच्या जोडीदारांची, मिळून ७० हजारांहून अधिक जणांची पाहणी केली, त्यातही पकड मोजली, चालण्याचा वेग मोजला. महागडं यंत्र नको, रक्त नको. जात्यावर दळलेला, विहिरीवर पाणी ओढलेला हात म्हातारपणीही घट्ट पकडतो, हे आपल्या आज्या सांगायच्या तेव्हा आपण ऐकून सोडून द्यायचो.

एकच तारीख, दोन बाया

आता एक योग बघा. ८ नोव्हेंबर २०२१. कमलताईंची १०४ वी जयंती. त्या दिवशी गुगलच्या पानावर देशभर त्यांचं चित्र झळकलं: सूक्ष्मदर्शकापाशी बसलेली एक बाई. आणि त्याच दिवशी दिल्लीत राष्ट्रपती भवनात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी पद्मश्री स्वीकारला. राहीबाई शाळेत गेल्या नाहीत. नातू आजारी पडला, तेव्हा खताच्या आणि औषधाच्या भाज्यांवर त्यांनी बोट ठेवलं आणि देशी बियाणं जपायला लागल्या. आज त्यांच्याकडं भात, वाल, हुलगे, भाज्या यांचे शंभरावर वाण आहेत. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांनी त्यांना बीजमाता म्हटलं, ते नाव सगळीकडं रुजलं. त्या बियाणं देतात आणि ते कसं जपायचं तेही शिकवतात. घेणाऱ्या बायकांनी पुढं दुसऱ्या बायकांना द्यायचं, हीच अट.

अकोल्याच्या मुलांच्या पोटात काय जातंय याची चिंता एका बाईनं मुंबईच्या प्रयोगशाळेतून येऊन केली, दुसरीनं आपल्या परसातून केली. दोघींची नावं एकाच दिवशी देशानं घेतली. मला वाटतं, याची नोंद नगर जिल्ह्यानं ठळक करून ठेवायला हवी.

कमलताई ११ एप्रिल २००१ ला गेल्या, वय ८३. तोवर त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांनी देशभरात आपापल्या प्रयोगशाळा उभ्या केल्या होत्या. २०२१ ते २०३० हे दशक संयुक्त राष्ट्रांनी निरोगी वार्धक्यासाठी जाहीर केलं आहे. त्याची पोस्टरं छापून भिंतीवर लावली जातील, ती लावावीतच. पण अकोल्यातल्या, जामखेडातल्या, नगर शहरातल्या शाळांना माझं एक सांगणं आहे. येत्या ८ नोव्हेंबरला शाळेत कमल रणदिवे आणि राहीबाई पोपेरे या दोघींचे फोटो शेजारी शेजारी लावा. विज्ञानाच्या बाईंना सांगा, मुलींना सूक्ष्मदर्शकातून कांद्याची पेशी दाखवा. आणि त्या दिवशी मध्यान्ह भोजनात नाचणीची भाकरी करा.